तुर्किक भाषांमधील 'खेळ' : एका पुनर्रचित शब्दाचा वंश

किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवराच्या काठी, चोलपोन-अता या गावात, २०१४ साली भटक्या पशुपालकांच्या परंपरागत खेळांची एक जागतिक स्पर्धा पहिल्यांदा भरली. घोडेस्वारी, कुस्ती, धनुर्विद्या आणि शिकारी पक्ष्यांचे कसब यांची ही स्पर्धा पुढे २०२२ मध्ये तुर्कस्तानातील इझ्निक येथे आणि २०२४ मध्ये कझाकस्तानची राजधानी अस्ताना येथे झाली. या स्पर्धेच्या नावातला 'खेळ' या अर्थाचा शब्द किर्गिझमध्ये 'ओयुनदारी', तुर्कीत 'ओयुनलारी' आणि कझाकमध्ये 'ओयीनदारी' असा येतो. या तिन्हींत 'ओयुन' किंवा 'ओयीन' म्हणजे खेळ, 'लार' किंवा 'दार' हा अनेकवचनाचा प्रत्यय, आणि शेवटचा 'ई' हा संबंध दाखवणारा प्रत्यय. हे शब्द एकाच घरातले आहेत हे ओळखायला भाषाशास्त्र शिकावे लागत नाही.

मात्र ईशान्य सैबेरियात, लेना नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या साखा म्हणजेच याकुत लोकांच्या उन्हाळी इसिअख उत्सवात मर्दानी खेळांची जी स्पर्धा होते, तिचे नाव 'दिगिन ओऽन्न्यूलारा' असे आहे. दिगिन किंवा तिगिन हा सतराव्या शतकातला याकुत सरदार होय, आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ पुन्हा 'खेळ' असाच आहे. 'ओऽन्न्यूलारा' आणि 'ओयुनलारी' यांचे मूळ एकच आहे, हे मात्र कानाला पटत नाही. ते सिद्ध करावे लागते. ते कसे सिद्ध करतात, आणि त्यातून हाती येणाऱ्या मूळ शब्दाबद्दल काय सांगता येते, हा या लेखाचा विषय आहे. वंशवृक्ष मांडताना एकमेकांसारख्या दिसणाऱ्या शब्दांवरच भर दिला जातो. माझ्या मते खरी साक्ष जे सारखे दिसत नाहीत ते शब्द देतात.

पुनर्रचना म्हणजे काय, ते आधी आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. मराठीत 'हात', हिंदीत 'हाथ' आणि पंजाबीत 'हत्थ' असा शब्द आहे. प्राकृतातला 'हत्थ' आणि संस्कृतातला 'हस्त' हे शब्द ग्रंथांत लिहून ठेवलेले असल्यामुळे आपल्याला मूळ शोधायला कष्ट पडत नाहीत. पण समजा, प्राकृत आणि संस्कृत ग्रंथ सगळेच्या सगळे नष्ट झाले असते, तरीही काही गोष्टी आजच्या भाषांवरूनच लक्षात आल्या असत्या. पंजाबीत 'सत्त', 'अट्ठ', 'कन्न' म्हणतात तिथे हिंदीत आणि मराठीत 'सात', 'आठ', 'कान' म्हणतात. म्हणजे एकीकडे आखूड स्वर आणि दुहेरी व्यंजन, तर दुसरीकडे लांब स्वर आणि एकेरी व्यंजन, ही जोडी शब्दामागून शब्दात त्याच क्रमाने येते. इतक्या नियमाने घडणारी गोष्ट योगायोगाने घडत नसते. त्यामुळे एकही जुना ग्रंथ हाती नसताना अभ्यासकाने 'हत्थ' हे मूळ रूप मांडले असते, आणि ते लिखित पुराव्यावरून घेतलेले नाही हे कळावे म्हणून त्याच्या डोक्यावर एक तारा ठेवला असता : *हत्थ. हा तारांकनाचा रिवाज एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषाशास्त्रज्ञ ऑगस्ट श्लायशर याने रूढ केला, आणि पुनर्रचित शब्द आजही त्याच पद्धतीने छापले जातात.

तुर्किक भाषांच्या बाबतीत ही कल्पना करावी लागत नाही, कारण तिथे मूळ भाषेचा ग्रंथ कधी नव्हताच. बाल्कन प्रदेशापासून लेना नदीपर्यंत पसरलेल्या या कुटुंबात तुर्की, अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, उइगुर, कझाक, किर्गिझ, तातार, बाश्कीर, तुवा, खकास, याकुत, चुवाश अशा पस्तीसच्या आसपास भाषा आहेत. त्यांची मूळ भाषा, म्हणजे आद्य-तुर्किक, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे किंवा त्याही आधी फुटली असे मानतात. या कुटुंबातले सर्वांत जुने मोठे लिखित पुरावे मात्र मंगोलियातील ओरखोन खोऱ्यातल्या शिलालेखांचे आहेत. त्यांपैकी क्युल तेगीनचा शिलालेख ७३२ सालचा आणि बिल्गे कागानचा ७३५ सालचा असून, त्यांची लिपी १८९३ मध्ये डॅनिश विद्वान विल्हेल्म थॉमसेन याने उलगडली. म्हणजे मूळ भाषा फुटली तो काळ आणि पहिला मोठा लेख यांच्यामध्ये कित्येक शतकांची पोकळी आहे, आणि पुनर्रचना करायची ती या पोकळीपलीकडची.

'ओयुन' हा शब्द लिहून ठेवणाऱ्यांमध्ये सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार महमूद अल-काशगरी होय. बगदादच्या खलिफाला अर्पण करण्यासाठी त्याने १०७२ पासून पुढच्या काही वर्षांत तुर्किक बोलींचा एक कोश अरबी भाषेत रचला. त्यात तुर्किक शब्द द्यायचा, अरबीत अर्थ सांगायचा आणि वेगवेगळ्या टोळ्या तो कसा उच्चारतात तेही नोंदवायचे, अशी त्याची रीत आहे. या कोशाची १२६६ सालची एकच हस्तलिखित प्रत उरली, आणि ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इस्तंबूलमध्ये अली एमिरी या ग्रंथसंग्राहकाच्या हाती लागली. त्या कोशात 'ओयुन' हा शब्द खेळ याच अर्थाने आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वीचा हा शब्द आजच्या तुर्की आणि किर्गिझ शब्दांशी तंतोतंत जुळतो, हे खरे. पण त्यावरून एवढेच ठरते की अकराव्या शतकात मध्य आशियातल्या तुर्किक भाषांत हा शब्द होता. त्याच्या हजारएक वर्षे आधी तो होता का, हे काशगरी सांगू शकत नाही.

आता वंशजांकडे वळू. तुर्किक भाषांमध्ये एक स्वर असा आहे की जो देवनागरीत नीट उतरत नाही. ओठ गोल न करता, जीभ मागे घेऊन म्हटलेला तो 'इ' आणि 'अ' यांच्या मधला स्वर आहे. या लेखात मी तो दीर्घ 'ई'ने दाखवला आहे. तुर्की, अझरबैजानी, तुर्कमेन, किर्गिझ आणि उइगुर यांत 'ओयुन' आहे, कझाक आणि खकास यांत 'ओयीन', उझबेकमध्ये 'ओयिन'. पहिल्या गटात दुसरा स्वर 'उ' आहे, कारण या भाषांत एका शब्दातले स्वर एकमेकांच्या वळणाने जातात आणि आधीच्या 'ओ'मुळे पुढचा स्वरही ओठ गोल करून उच्चारला जातो. म्हणूनच काही अभ्यासक मूळ रूप *ओयुन असे देतात, तर काही *ओयीन असे. पहिल्या अक्षरातल्या 'ओ'बद्दल मात्र दुमत नाही.

व्होल्गा नदीकाठच्या तातार आणि बाश्कीर भाषांत हाच शब्द 'उयीन' असा होतो. हा बदल या एका शब्दापुरता नाही. तुर्कीत 'दहा'ला 'ओन' म्हणतात, तातारमध्ये 'उन'. तुर्कीत 'वाट' म्हणजे 'योल', तातारमध्ये 'युल'. उलट तुर्कीतला 'कुश', म्हणजे पक्षी, तातारमध्ये 'कोश' होतो. जुन्या 'ओ'चा 'उ' झाला आणि जुन्या 'उ'चा 'ओ', अशी स्वरांची ही अदलाबदल त्या प्रदेशाची ओळखच आहे. 'उयीन' या नियमात चपखल बसतो.

यापुढचा साक्षीदार सर्वांत मोलाचा आहे. व्होल्गाच्याच खोऱ्यात चुवाश नावाची भाषा बोलली जाते. तुर्किक वृक्षाची पहिली फांदी फुटली, तेव्हा एका बाजूला चुवाशची पूर्वज भाषा गेली आणि दुसऱ्या बाजूला बाकीच्या सगळ्या तुर्किक भाषांची एकत्रित पूर्वज भाषा. याचा परिणाम असा की तुर्की, कझाक, उझबेक, उइगुर यांसारख्या पंचवीस भाषांत एखादा शब्द सापडला, तरी तेवढ्यावरून तो आद्य-तुर्किकपर्यंत नेता येत नाही. तो त्या दुसऱ्या फांदीवर नंतर उगवलेलाही असू शकतो. चुवाशमध्ये तो मिळाला तरच तो फांदी फुटण्याआधीचा ठरतो. वंशावळीत पंचवीस साक्षीदारांना जे सिद्ध करता येत नाही, ते इथे एकटी चुवाश सिद्ध करते.

चुवाशमध्ये खेळाला 'वय' म्हणतात, पण मराठी 'वय'प्रमाणे नव्हे. दोन्ही अक्षरांतला 'अ' आखूड आणि शेवटचाही स्पष्ट उच्चारायचा. वसंतात गावातली तरुण मुले-मुली गोल करून गाणी म्हणतात आणि नाचतात, त्यालाही हेच नाव आहे. 'खेळणे' या क्रियापदाचा धातू 'वील्या-' असा आहे. 'ओयुन'शेजारी 'वय' ठेवला तर दोघांत 'य'खेरीज काहीच सामाईक दिसत नाही. परंतु आता इतर शब्द पाहावेत. दहासाठी तुर्कीत 'ओन', चुवाशमध्ये 'वुन'. 'तो' या सर्वनामासाठी कझाकमध्ये 'ओल', चुवाशमध्ये 'वल'. तीस या संख्येसाठी तुर्कीत 'ओतुझ', चुवाशमध्ये 'वतर'. शब्दाच्या सुरुवातीला जुना 'ओ' असेल तिथे चुवाशमध्ये आधी 'व' उभा राहतो आणि मूळ स्वर आखडतो किंवा बदलतो, हे दर वेळी घडते. शेवटच्या उदाहरणात 'झ'च्या जागी 'र' आला आहे, तोही चुवाशचा असाच एक पक्का नियम आहे. म्हणून 'वय' हा 'ओयुन'चा सख्खा वंशज ठरतो.

यावर एक शंका घेता येते. चुवाश लोक शतकानुशतके तातारांच्या शेजारी राहिले आणि त्यांच्या भाषेत तातार शब्दांची भर पडत गेली. मग हाही शब्द तातारांकडून आलेला नसेल कशावरून? उत्तर त्या 'व'मध्येच आहे. तातार शब्द 'उयीन' असा आहे. तो उसना घेतला असता तर चुवाशमध्ये त्याच्याशी मिळतेजुळते काहीतरी दिसले असते. सुरुवातीचा 'व' हा फार जुन्या बदलाचा ठसा आहे, आणि तो ठसा उमटण्याआधीपासून शब्द भाषेत असावा लागतो. क्रियापदातला 'ल' मात्र अडचणीचा आहे, कारण इतर भाषांत त्या जागी 'न' येतो. नामाला 'ला' प्रत्यय लावून क्रियापद बनवण्याची पद्धत तुर्किक भाषांत सर्वत्र आहे, त्यामुळे चुवाशने तो मार्ग घेतला असण्याची शक्यता दिसते. पण नियमाने सुटलेला प्रश्न आणि शक्यतेने सुटलेला प्रश्न यांची किंमत सारखी धरू नये.

इतर भाषांतले क्रियापद कसे बनले, ते अगदी स्वच्छ दिसते. तुर्कीत 'खेळणे' म्हणजे 'ओयनामाक'. त्यातला 'माक' हा आपल्या 'णे'सारखा प्रत्यय सोडला तर धातू उरतो 'ओयना-'. तुर्किकमध्ये नामाला 'आ' जोडून क्रियापद करण्याची एक फार जुनी पद्धत होती : 'कान' म्हणजे रक्त आणि 'काना-' म्हणजे रक्त वाहणे, 'याश' म्हणजे वय आणि 'याशा-' म्हणजे जगणे. त्याच पद्धतीने 'ओयुन' आणि 'आ' मिळून 'ओयुना' व्हायला हवे, पण दोन व्यंजनांमधला आखूड स्वर पुढे दुसरा स्वर आला की गळतो. तुर्कीत 'बोयुन' म्हणजे मान आणि 'बोयनु' म्हणजे त्याची मान. 'बुरुन' म्हणजे नाक आणि 'बुरनु' म्हणजे त्याचे नाक. त्याच न्यायाने 'ओयुना'चे 'ओयना' झाले. म्हणजे नाम आधीचे आणि क्रियापद त्याच्यापासून झालेले.

हे लक्षात ठेवले की याकुतचे कोडे उलगडते. याकुतमध्ये 'खेळणे' या क्रियापदाचा धातू 'ओऽन्न्योऽ-' आहे. तुर्की 'बोयुन' आणि 'बोयनु' यांच्या जागी याकुतमध्ये 'मोऽय' आणि 'मोऽन्न्यो' आहेत. आणि 'कोयुन' म्हणजे छाती किंवा कूस, 'कोयनु' म्हणजे त्याची कूस, या जोडीच्या जागी 'खोऽय' आणि 'खोऽन्न्यो'. एक नियम इथे उघड दिसतो : 'य' आणि 'न' एकमेकांना भिडले की याकुतमध्ये त्यांचा मिळून तालव्य 'न्न्य' होतो आणि आधीचा स्वर लांबतो. 'ओयना-'ला हाच नियम लावला की 'ओऽन्न्योऽ-' मिळतो. वर वर पाहता सर्वांत परका वाटणारा शब्द असा एका पायरीत घरचा ठरतो.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मान आणि कूस यांच्या शब्दांवरून पाहिले तर जुन्या नामाचे, म्हणजे 'ओयुन'चे, याकुतमध्ये 'ओऽय' व्हायला हवे होते. खेळासाठी तिथे तसा शब्द चालत नाही. 'ओऽन्न्यू' चालतो, आणि तो क्रियापदाला 'ऊ' हा क्रियावाचक प्रत्यय लावून केलेला आहे. म्हणजे नामापासून क्रियापद झाले, मूळ नाम वापरातून गेले, आणि मग क्रियापदापासून नवे नाम घडवण्यात आले. उत्सवाच्या नावातला 'ओऽन्न्यूलारा' हा 'ओयुनलारी'चा भाऊ नसून पुतण्या आहे, असे म्हटले तर ते अधिक अचूक होईल.

खेळणी या वस्तूंचे शब्दही उपयोगी पडतात, पण वेगळ्या कारणाने. लहान मुलांच्या खेळण्याला तुर्कीत 'ओयुनजाक', उझबेकमध्ये 'ओयिनचोक', किर्गिझमध्ये 'ओयुनचुक', कझाकमध्ये 'ओयीनशीक' आणि बाश्कीरमध्ये 'उयीनसीक' म्हणतात. 'च'च्या जागी कझाकमध्ये 'श' आणि बाश्कीरमध्ये 'स' येतो, हा नेहमीचाच बदल आहे. तीन या संख्येसाठी तुर्कीत 'उच', कझाकमध्ये 'उश' आणि बाश्कीरमध्ये 'ओस' असतो. मात्र प्रत्ययातला स्वर काही भाषांत 'आ' आहे, काही भाषांत 'उ' किंवा 'ई', आणि चुवाशमध्ये खेळण्याचा शब्द साफ निराळा, 'तेत्ते', असा आहे. म्हणून आद्य-तुर्किकात 'खेळ' हा शब्द होता असे ठामपणे म्हणता येते, पण 'खेळणे' या वस्तूचा शब्द मात्र वेगवेगळ्या भाषांनी नंतर आपापला घडवला असावा. तेव्हाच्या मुलांकडे खेळणी नव्हती, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. पुनर्रचना शब्दांपुरती बोलते. वस्तू होत्या की नव्हत्या, हे ती सांगत नाही.

आता अर्थाकडे येऊ. शब्दाचे रूप नियमांनी मागे नेता येते, परंतु अर्थाला तसे नियम नसतात, आणि 'ओयना-'चा अर्थ तर फारच पसरलेला आहे. तुर्कीत फुटबॉल, पत्ते आणि जुगार या क्रियापदाने खेळतात, नाटकातली भूमिकाही याच क्रियापदाने करतात. लोकनृत्यांना 'हाल्क ओयुनलारी' असे नाव आहे आणि अझरबैजानीतही 'ओयनामाक' म्हणजे खेळणे तसेच नाचणे. तातारमध्ये वाद्य वाजवण्यालाही हेच क्रियापद लागते. तुर्कीत हलणाऱ्या दाताबद्दल बोलताना 'दात ओयनतो' अशाच अर्थाचे वाक्य येते, वर-खाली होणाऱ्या भावांबद्दलही तेच क्रियापद वापरतात, आणि एखाद्याला फसवणे म्हणजे त्याच्यावर 'ओयुन' करणे. 'ओयुनजु' हा शब्द खेळाडू आणि नट अशा दोघांनाही लागू पडतो.

नाचाचा अर्थ किती मुरलेला आहे, ते तुर्कीतल्या एका म्हणीवरून कळते. 'नाचता न येणारी नवरी म्हणे, जागा अरुंद' असा तिचा अर्थ आहे, आणि 'नाचता'च्या जागी तिथे 'ओयना-'चे रूप आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला या म्हणीचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. नाटकाचा अर्थही असाच जुना आहे. करागोझ आणि हाजिवात या जोडगोळीचा सावल्यांचा खेळ, ज्याला तुर्कीत 'करागोझ ओयुनु' म्हणतात, उंटाच्या कातडीच्या रंगवलेल्या आकृत्यांनी रमजानच्या रात्री रंगत असे. मोकळ्या जागेत प्रेक्षकांच्या मध्ये होणारे जुने लोकनाट्य 'ओर्ता ओयुनु', म्हणजे मधला खेळ, या नावाने ओळखले जाते. मराठीतही नाटकाचा 'खेळ' लागतो, दशावताराचा 'खेळ' होतो आणि कोकणात 'नमन-खेळे' असतात. तेव्हा एकाच शब्दाने क्रीडा आणि सादरीकरण दोन्ही दाखवणे आपल्याला नवे नाही.

या पसाऱ्यातला मूळ अर्थ कोणता? खेळ हा अर्थ चुवाश, याकुत, काशगरीचा कोश आणि आजच्या बहुतेक सगळ्या भाषांत आहे, म्हणून तो मूळ धरतात. तसे धरणे योग्यच आहे, परंतु खेळ आणि नाच या दोन खोल्या तेव्हाही वेगळ्या होत्या असे मानायला मला आधार दिसत नाही. चुवाशच्या 'वय'मध्ये गोल करून नाचणे येते, तुर्कीच्या 'ओयुन'मध्ये लोकनृत्य येते. वृक्षाच्या दोन्ही बाजूंना हा जोडअर्थ आहे. तेव्हा मूळ शब्दाचा अर्थ 'कामाव्यतिरिक्त, रीत धरून केलेली अंगाची हालचाल' असा रुंद समजला, तर स्पर्धा, नाच आणि नाटक हे तिन्ही अर्थ त्यात सामावतात. हलणारा दात आणि फसवणूक हे मात्र पुढचे विस्तार दिसतात.

इथे याकुतमधल्या एका प्रसिद्ध शब्दाचा विचार केला पाहिजे. आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या, ढोलाच्या तालावर नाचत देहभान विसरणाऱ्या ओझ्याला, म्हणजे शामानला, बहुतेक तुर्किक भाषांत 'काम' हा जुना शब्द होता. काशगरीनेही तो नोंदवला आहे. याकुतमध्ये मात्र पुरुष ओझ्याला 'ओयून' म्हणतात आणि स्त्री ओझ्याला 'उदागान' हा निराळाच शब्द आहे. कझाक समाजातही 'बाक्सी' म्हणजे ओझा आपला विधी करतो, त्याच्या वर्णनात 'ओयना-'ची रूपे येतात. त्यामुळे याकुत 'ओयून' हा *ओयुनचाच वंशज आणि खेळणारा, नाचणारा तो ओझा, ही व्युत्पत्ती सर्वत्र दिसते, आणि ती मोहक आहे यात शंका नाही. पण वर पाहिलेला नियम इथे लावून पाहावा. *ओयुनपासून याकुतमध्ये 'ओऽय' येणे अपेक्षित होते. 'ओयून'मधला दुसरा स्वर दीर्घ आहे, आणि 'य' व 'न' यांच्यातला स्वर शाबूत आहे. मोहक अर्थासाठी ध्वनींचा नियम मोडायचा, हा व्यवहार या शास्त्रात कधीच फायद्याचा ठरलेला नाही. ओझ्याचा शब्द आणि खेळाचा शब्द यांचे नाते असू शकते, पण असले तर ते सरळ बाप-लेकाचे नसावे.

दिसायला सारख्या, पण नात्याने लांबच्या अशा शब्दांची इथे वाण नाही. तुर्कीत 'ओय' म्हणजे मत. हा जुना शब्द विसाव्या शतकातल्या भाषासुधारणेत निवडणुकीच्या मतदानासाठी रूढ झाला. कझाकमध्ये 'ओय' म्हणजे विचार. तुर्कीत 'ओयमाक' म्हणजे कोरणे, पोखरणे. मंगोलियन भाषेत 'ओयुन' म्हणजे बुद्धी. या चारांपैकी कशाचाही खेळाशी संबंध जोडण्यासारखा पुरावा नाही. मंगोलांचा आपला खेळाचा शब्द तर 'नादाम' आहे, ज्या नावाचा त्यांचा उन्हाळी उत्सव प्रसिद्ध आहे. दोन्ही समाज गवताळ मैदानांवर शतकानुशतके शेजारी राहिले, कुस्ती आणि घोड्यांच्या शर्यती दोघांच्याही जिवाभावाच्या, तरी या शब्दाची देवघेव झालेली दिसत नाही.

पश्चिमेकडे मात्र हा शब्द उसना गेला असावा. तेराव्या शतकात मंगोलांच्या रेट्यामुळे कुमान नावाचे तुर्किक लोक हंगेरीत आणि डॅन्यूबच्या खोऱ्यात आसरा घेऊन राहिले. रोमानियात चेंडू आणि दांडक्याने खेळला जाणारा 'ओइना' नावाचा राष्ट्रीय खेळ आहे, आणि त्याच्या नावाचे मूळ कुमान भाषेतल्या याच शब्दात असावे, असे मत मांडले गेले आहे.

आपल्याकडे हा शब्द आला नाही, याचे कारण सोपे आहे. बाबर घरी चगताई तुर्किक बोलत आणि लिहीत असे, आणि दख्खनच्या सुलतानांमध्येही तुर्कमेन घराणी होती. पण दरबाराची आणि दफ्तराची भाषा फारसी होती, आणि तुर्किक शब्द आपल्यापर्यंत फारसीच्या चाळणीतून आले. फारसीकडे खेळासाठी स्वतःचा 'बाझी' हा शब्द होता. तोच मराठीत 'बाजी' झाला : बाजी मारणे, पतंगबाजी, दगाबाज. तुर्कीत आणि अझरबैजानीत या दोन शब्दांचा एक संकर आहे, 'ओयुनबाझ', म्हणजे खोडकर किंवा कावेबाज. त्यात अर्धा शब्द तुर्किक आणि अर्धा फारसी, आणि दोन्ही अर्ध्यांचा अर्थ खेळाचाच. शिवाय 'ओयुनजु', उझबेक 'ओयिनची', कझाक 'ओयीनशी' या खेळाडूवाचक शब्दांच्या शेवटी जो 'जु', 'ची' किंवा 'शी' आहे, तो अमुक काम करणारा या अर्थाचा तुर्किक प्रत्यय फारसीमार्फत मराठीत पोहोचलेला आहे : खजानची, मशालची, आणि तबलची या रूपावरून आलेला तबलजी.

शेवटी *ओयुन हा शब्द तरी आणखी फोडता येतो का, हा प्रश्न राहतो. तुर्किकमध्ये क्रियापदाला 'न' लावून नाम करण्याची रीत आहे : 'एक-' म्हणजे पेरणे आणि 'एकिन' म्हणजे पीक, 'आक-' म्हणजे वाहणे आणि 'आकीन' म्हणजे लोंढा किंवा चढाई, 'त्युत-' म्हणजे धूर निघणे आणि 'त्युत्युन' म्हणजे धूर, पुढे तंबाखू. त्या हिशेबाने 'ओयुन'मागे *ओय- असे एखादे क्रियापद असायला हवे. याकुतमध्ये 'ओय-' म्हणजे उडी मारणे असे क्रियापद खरोखर आहे. ते आद्य-तुर्किकपासून चालत आले असेल, तर खेळाच्या शब्दाच्या मुळाशी उड्या मारणे, बागडणे आहे. आणि ओझ्याचा 'ओयून' त्याच क्रियापदापासून स्वतंत्रपणे झाला असेल, तर खेळ आणि ओझा हे एकाच धातूपासून दोन निरनिराळ्या वेळी निघालेले शब्द ठरतात, व वर सांगितलेली ध्वनींची अडचणही राहत नाही. हा तोडगा मला पटतो. परंतु चुवाशमध्ये 'उडी मारणे' या अर्थाचा, सुरुवातीला 'व' असलेला जोडीदार शब्द दाखवता आल्याशिवाय *ओय- या क्रियापदाला *ओयुनच्या बरोबरीचा मान देता येणार नाही.